पंचफुलाबाईंचा प्रश्न

दिवाळी अंकांत मी अधूनमधून लिहीत आलो. विंचू उतरवायला आधी मांत्रिकाकडे आणि मग माझ्याकडे आलेल्या पाटलाची गोष्ट लिहिली, दाढ काढताना बेशुद्ध पडलेल्या पैलवानाची लिहिली. लोकांना ती आवडली. पण दर वर्षी लिहायला बसलो की आधी पंचफुलाबाई आठवायच्या, आणि त्यांना बाजूला सारून मी दुसरंच काही गमतीचं लिहायचो. आता ऐंशी ओलांडली आहे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. ज्यांना या लिखाणाचा त्रास होईल असं बाईंच्या गावात आज कोणी राहत नाही. बाईंचं आणि त्यांच्या नवऱ्याचं नाव मी बदललं आहे. एवढी काळजी तेव्हा घेतली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

माझा दवाखाना मंगरूळपीरला होता. आज तो भाग वाशीम जिल्ह्यात आहे. तेव्हा सगळं अकोल्यात मोडायचं, आणि आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात जाण्याच्या बेतात होता. मी नागपूरला लायसेन्सची परीक्षा दिलेला डॉक्टर, मोठ्या पदवीचा नव्हे. पुढच्या खोलीत पेशंट, मागच्या खोलीत मी. पत्नी अकोल्याला माझ्या आईवडिलांकडे असायची, कारण आईला हाताखाली कोणीतरी हवं होतं आणि मंगरूळला पाण्याचे हाल होते. सणावाराला भेट व्हायची. बाजाराच्या दिवशी मी सायकलवर आसेगावला जायचो आणि तिथल्या एका किराणा दुकानदाराच्या ओसरीवर बसून पेशंट पाहायचो.

आजच्या वाचकाला हे सांगायला हवं की त्या काळी आमच्याकडे बाई दवाखान्यात यायची, पण बोलायची नाही. भिंतीकडे तोंड करून बाकावर बसायची, पदर नाकापर्यंत ओढलेला. तक्रार सांगायची सासूनं, सासू नसेल तर नवऱ्यानं. मी प्रश्न नवऱ्याला विचारायचा, तो मान वळवून शेजारी बसलेल्या बायकोला तोच प्रश्न विचारायचा, ती पदराआडून काहीतरी पुटपुटायची आणि तो मला उत्तर द्यायचा. पुष्कळदा ती काय म्हणाली आणि त्यानं काय सांगितलं यांचा फारसा संबंध नसायचा. मी त्याच्या उत्तरावर औषध द्यायचो.

एकदा एक गृहस्थ एकटाच आला. बायकोला ताप आहे म्हणाला. बायको कुठे आहे विचारलं तर म्हणाला, ‘‘तिले वावरात काम हाये. माहीच नाडी पाहा न साहेब. एकाच ताटात जेवतो आमी, फरक काय पडते?’’ आणि त्यानं बाही वर सारून हात पुढे केला, जीभही बाहेर काढली. मी हसलो. पण खरं सांगायचं तर सवयीनं त्याची नाडीही पाहिली. औषध दिलं, बाई बरी झाली, आणि पुढे तो मला मोठा धन्वंतरी म्हणून गावभर सांगत फिरला.

या पद्धतीचा एक नियम होता. पेशंट म्हणजे ज्यानं आणलं तो. काय झालंय, किती दिवस लागतील, काय खायचं, सगळं त्याला सांगायचं. बाईबद्दल थेट बाईशी बोलणं आगाऊपणाचं समजलं जाई. रोग्याचं गुपित राखावं असं आम्हाला नागपूरला शिकवलं होतं, पण रोगी कोण हेच जिथे वेगळं होतं तिथे कोणाचं गुपित कोणापासून राखायचं? मला त्यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही. उलट मुलुखाच्या रीतीनं वागतो म्हणून लोक मला आपला समजतात, याचा थोडा अभिमानच होता.

त्याच सुमारास औषध कंपन्यांचे एजंट हार्मोनची औषधं घेऊन आमच्या भागात येऊ लागले. ज्यांना आज संप्रेरकं म्हणतात ती. शरीरातल्या काही ग्रंथी रक्तात अगदी थोडा रस सोडतात आणि तो रस दूरच्या अवयवांना कामाला लावतो. बाईच्या अंडाशयातून असा एक रस येतो. त्याच्या चढउतारावर पाळी चालते, आणि आतली त्वचा मऊ व ओलसर राहते ती त्याच्यामुळे. तो आटला की आत कोरडं पडतं, नवऱ्याजवळ जाणं दुखू लागतं, अंगातून वाफा निघतात. दुसरा एक रस पुरुषाचा म्हणून ओळखला जातो. तो बाईच्या शरीरातही थोडा तयार होत असतो हे पुस्तकात होतं, पण ते तळटीपेत होतं आणि तळटीपा परीक्षेला येत नसत.

धनजची एक विधवा म्हातारी मंगरूळला लेकीकडे आली होती. तिच्या अंगाची आग व्हायची, घामानं लुगडं भिजायचं. अंगात देवी येते असं लेकीचं म्हणणं. देवीला दुसरं काम नाही काय, दिवसातून इतक्या वेळा कशी येईल, असं म्हातारीचं म्हणणं. मी बायकी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. आग थांबली. गोळ्या संपल्या आणि म्हातारीला पाळीसारखा रक्तस्राव झाला. गोळ्या बंद केल्या की असं होतं, हे मला माहीत होतं. पण सांगायचं कोणाला, तर तिला घेऊन आलेल्या जावयाला. जावयाशी सासूच्या पाळीचा विषय कसा काढायचा, म्हणून मी गप्प बसलो होतो. लेक रडत आली. मी पुन्हा नीट तपासलं, काही वाईट नव्हतं. म्हातारी मात्र दवाखान्याच्या दारातच उभी राहून म्हणाली, ‘‘आता नवरदेव पाहा मले एखादा, डाक्टर.’’ बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो, आणि ती घटना दिवाळी अंकात लिहून मोकळा झालो.

रिठदच्या सुनेची गोष्ट मात्र लिहिली नाही. तिला सासू घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘इचं नवऱ्याशी पटत नाई.’’ पटत नाही म्हणजे भांडणं होतात असं नव्हे, सून नवऱ्याला जवळ येऊ देत नाही असा त्याचा अर्थ, हे मला पुढे कळलं. सुनेच्या मांडीवर अंगावर पिणारं मूल होतं. मूल अंगावर पीत असतं तोवर पुष्कळ बायकांचा तो पहिला रस कमी असतो, आणि म्हणून दुखतं. बाई, हा तुझा दोष नाही, हे जाईल, तोवर नवऱ्यानं धीर धरावा, एवढं त्या मुलीला सांगितलं असतं तरी पुरे होतं. मी सासूजवळ टॉनिकची बाटली दिली आणि सुनेची समजूत घाला म्हणालो. ती मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. तिचा चेहरा मी पाहिला नाही.

आता पंचफुलाबाई.

त्या आसेगावच्या. वय तेहेतीस-चौतीस असेल. नवरा किसनराव, घरची ज्वारी-कापसाची शेती, खाऊनपिऊन सुखी घर. पहिला मुलगा झाला. दुसरं बाळंतपण अडलं, मूल गेलं, आणि तेव्हापासून बाईंची पाळी सुरू झाली की थांबायची नाही. थोडे दिवस कोरडे जायचे की पुन्हा सुरू. पाळीत दूर बसायचा रिवाज घरोघर होता. चुलीजवळ जायचं नाही, पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही, कोणाला शिवायचं नाही. रिवाज चार दिवसांचा. ज्या बाईचे चार दिवस संपतच नाहीत तिनं काय करायचं, हे रिवाजात सांगितलेलं नव्हतं. पंचफुलाबाई वर्षातले बहुतेक दिवस गोठ्यालगतच्या पडवीत काढत. भाकर वरून टाकायची, पाणी वरून ओतायचं. मुलगा चुकून आईला शिवला तर त्याला आंघोळ. शेवटी मुलगा आजीपाशीच राहू लागला आणि आईकडे जायचा थांबला. किसनराव अंगणात बाज टाकायचे. दोघांचं बोलणं व्हायचं ते पडवीच्या कुडाच्या दोन बाजूंनी, बियाण्याचं आणि बैलांचं.

अकोल्याच्या दवाखान्यात गर्भपिशवी काढा म्हणून सांगितलं होतं. पोटाला सुरी लावायची नाही, हे सासूनं ठरवलं. मग ते माझ्याकडे आले. पिशवीत गाठ नव्हती हे अकोल्याच्या कागदावरून दिसत होतं. अशा रक्तस्रावावर तेव्हा पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं देत असत. आज कोणी देणार नाही, पण तेव्हाच्या पुस्तकात तो उपाय होता. बाईंच्या अंगात रक्त नावालाच उरलं होतं म्हणून मी लोहाचं औषधही सुरू केलं.

हे इंजेक्शन तेलाचं असतं. थंडीत तेल घट्ट होतं, म्हणून कुपी मुठीत धरून कोमट करायची. सुई जाड लागते. सिरिंज पातेल्यात उकळून घ्यायची आणि तेल फार हळू सोडायचं, नाहीतर गाठ येते. माझ्या हातचं तेलाचं इंजेक्शन दुखत नाही अशी माझी ख्याती होती आणि ती खरी होती. बाजाराचा दिवस सोडूनही मी सायकल मारत आसेगावला जायचो. कारण नुसतं इंजेक्शन नव्हतं. त्या घरी चहा मिळायचा, किसनराव पेटीवर भजनं वाजवायचे, माझ्याशी पिकापाण्याचं बोलायचे. मंगरूळला परत आल्यावर माझ्याशी बोलायला कोणी नसायचं.

रक्तस्राव कमी होत गेला आणि थांबला. एके दिवशी मी गेलो तर पंचफुलाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या आणि मुलगा त्यांच्या पाठीला टेकून बसला होता. सासूनं माझ्या हातावर गूळ ठेवला. डॉक्टर म्हणून मला आयुष्यात जे थोडे चांगले दिवस लाभले त्यातला तो एक.

किसनराव तर ओळखू येत नव्हते. दाढी रोजच्या रोज, धोतर स्वच्छ. दुकानदार माझ्यादेखत त्यांची थट्टा करायचा, ‘‘काय किसनराव, आजकाल दिवस मावळायच्या आत घरी पळता. वावर चोरीले जाईन एखाद्या दिवशी.’’ ते लाजून हसायचे. मला एकदा म्हणाले होते, घर भरल्यासारखं वाटून राह्यलं साहेब.

मग बाईंचा आवाज बदलू लागला. मला आधी पडसं वाटलं. पुढे ओठावर लव दिसू लागली तेव्हा शंका उरली नाही. कंपनीच्या माहितीपत्रात स्पष्ट म्हटलं होतं की महिन्याला अमुक मात्रेपुढे जाऊ नका, गेलात तर बाईला पुरुषासारखा आवाज येतो, आणि तो परत जात नाही. मी त्या मात्रेपुढे गेलो होतो. कमी केलं तर रक्तस्राव परत येईल अशी भीती होती, आणि दुसरं असं की ही माझी यशस्वी केस होती. अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांना सुरीशिवाय दुसरं सुचलं नाही ते मी करून दाखवलं होतं. मी सुया चालू ठेवल्या.

एके दुपारी गेलो तेव्हा सासू शेजारी बारशाला गेली होती, किसनराव वावरात कापूस वेचणीवर होते. मी ओट्यावर इंजेक्शन दिलं आणि सिरिंज धुवायला लागलो. मागून आवाज आला.

‘‘भाऊ, एक इचारू काय?’’

माझ्या तोवरच्या व्यवसायात बाईनं स्वतःच्या तोंडानं मला काही विचारायची ही पहिलीच वेळ. मी चपापलो. आवाजाबद्दल विचारतील म्हणून मी आधीच बोलू लागलो, की घसा बसला असेल तर मिठाच्या पाण्यानं—

‘‘आवाजाचं नाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या सुईनं मन बदलते काय?’’

मी वळून पाहिलं. पदर डोक्यावर होता, पण तोंड माझ्याकडे होतं. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला.

‘‘लगन झालं तवापासून मले त्यायच्याजवळ जावं असं कधी वाटलंच नाई. ते यायचे, आपलं काम समजून मी राह्याची. मंग तं ते दुखणंच लागलं. आता मले वाटते. भाकरी करता करता वाटते, ते कवा येतीन. त्यायलेबी बरं वाटून राह्यलं. पण मले भेव लागते. हे तुमच्या सुईचं हाये, का माहं हाये?’’

असा प्रश्न मला त्यानंतरच्या चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कोणी विचारला नाही. लाज सोडून नव्हे, लाज वाटत असूनही त्या विचारत होत्या. माझे कान तापले. बाईला अशी इच्छा असते, ती तिला जाणवते, तिला तिच्याबद्दल विचार करता येतो, हे मी कुठे वाचलं नव्हतं आणि कोणाकडून ऐकलं नव्हतं. मी बॅग बंद केली आणि म्हणालो की मी किसनरावांशी बोलतो.

त्या घाईनं म्हणाल्या, ‘‘त्यायले नका सांगू, भाऊ. म्हणून तं तुमाले इचारलं.’’

मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा त्यांनी काय अर्थ घेतला असेल तो घेतला.

पुढच्या बाजाराला दुकानदाराच्या ओसरीवर गर्दी ओसरल्यावर मी किसनरावांना बाजूला बसवून सांगितलं. का सांगितलं? मुलुखाची रीत होती, हे एक. मित्राला काही ठाऊक असावं असं वाटलं, हे दुसरं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मी इतक्या वर्षांत कोणापुढे बोललो नाही. बाईंच्या आवाजाचा दोष आज ना उद्या माझ्यावर येणार होता. त्याआधी आपणच सगळं औषधाच्या नावावर मांडून ठेवलेलं बरं, असा माझा हिशोब होता. म्हणून आवाज, ओठावरची लव आणि बाईंनी मला विश्वासानं सांगितलेली गोष्ट, ही तिन्ही मी एकाच दमात सांगितली. ही औषधाची लक्षणं आहेत म्हणालो. हा तिचा स्वभाव नाही, मनावर घेऊ नका, औषध थांबलं की ते जाईल.

किसनराव तळहातावर तंबाखू मळत होते. मळणं थांबलं. मग म्हणाले, ‘‘म्हंजे ती मले नव्हती बोलावून राह्यली. तुमचं औषध बोलावून राह्यलं होतं.’’

इथे मला एक शब्द बोलता आला असता. मी म्हणालो, ‘‘तसंच काहीसं.’’

त्यांनी तंबाखू तोंडात न टाकता खाली झटकून दिली आणि उठले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा त्यांनी दारातच सांगितलं, सुया आता पुरे. चहा झाला, पण पेटी काढली नाही. बाई आत होत्या. त्यांना नवऱ्यानं काय सांगितलं, सांगितलं की नुसतंच बाज उचलून वावरात नेली, मला ठाऊक नाही. बाज वावरात गेली एवढं दुकानदारानं सांगितलं. रात्री पिकाची राखण करायचे, जागलीचे दिवस नव्हते, तरी गेली.

हंगाम संपायच्या आत रक्तस्राव परत सुरू झाला. बाई परत पडवीत गेल्या. औषध थांबलं की जाईल असं मी ज्याच्याबद्दल सांगितलं होतं ते गेलं असावं. आवाज गेला नाही. गल्लीतली पोरं त्यांच्या बोलण्याची नक्कल करायची, म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलं, असं कानावर आलं. मी त्या घरी जायचं सोडलं. आसेगावात शिरताना त्यांच्या गल्लीतून जवळची वाट होती, मी देवळामागून वळसा घालायचो. काही वर्षांनी किसनराव गेले. शेवटपर्यंत बाज वावरातच होती, हेही दुकानदारानंच सांगितलं.

पुढे नवी पुस्तकं आली, व्याख्यानं ऐकली. ज्याला आम्ही पुरुषाचा रस म्हणायचो तो बाईच्या अंडाशयातही तयार होतो आणि तिच्या इच्छेत त्याचा वाटा असतो, हे तळटीपेतून वर आलं. पण इच्छा कोणा एका रसावर चालत नाही, हेही वाचलं. अंगात रक्त हवं, झोप हवी, दुखायला नको, भीती नको, आणि शेजारी ज्याच्याकडे जावंसं वाटेल असा माणूस हवा. पंचफुलाबाईंच्या अंगात कित्येक वर्षांनी रक्त आलं होतं. त्या चुलीजवळ परत आल्या होत्या, मूल परत पाठीला टेकलं होतं, नवरा दिवस मावळायच्या आत घरी येत होता. त्यात सुईचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही कोणाला सांगता येणार नाही. पण बाईंनी वाटा विचारला नव्हता. टॉनिक घेऊन भूक लागली तरी ती भूक टॉनिकच्या बाटलीची होत नाही, ज्याला लागली त्याचीच असते. मी दिवसाकाठी इतकी टॉनिकं देत होतो. एवढं मला सुचायला हवं होतं.

हे सगळं वाचताना मला माझ्या पत्नीचीही आठवण व्हायची. आमचा संसार चांगला झाला असं सगळे म्हणत, मीही म्हणतो. पण तिला काय वाटतं, काय दुखतं, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी आपण होऊन सांगितलं नाही. ती शेवटच्या आजारात अंथरुणावर असताना एकदोनदा विचारावंसं वाटलं. खोलीत कोणी ना कोणी असायचं. आणि एकटे असलो तेव्हा मी तिला औषध घेतलंस का म्हणून विचारलं.

दवाखाना बंद करून मी वाशीमला मुलाकडे राहायला आलो. आसेगावचा एक ओळखीचा माणूस भेटला, त्याच्याकडून कळलं की पंचफुलाबाई आहेत, म्हाताऱ्या झाल्या आहेत, सुनेनं चांगलं ठेवलं आहे. मी बरेच दिवस मनाशी वाक्यं जुळवली आणि एका सकाळी एस. टी. धरली.

गल्ली तीच होती. या वेळी वळसा घातला नाही. बाई ओट्यावर पाय पसरून तूर निवडत बसल्या होत्या. समोरच्या ओट्यावर शेजारच्या बायका बसलेल्या. मी जवळ जाऊन नाव सांगितलं, बाईंनी नुसतं वर पाहिलं. सून बाहेर आली, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, ‘‘आत्याबाईले आयकू येत नाई, बाबा. कानाशी वरडून सांगा लागते, अन् त्यायले माहाच आवाज समजते. काय सांगाचं हाये ते मले सांगा, मी सांगीन त्यायले.’’

आणि ती सासूच्या कानाशी वाकून, माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.

मी काय सांगणार होतो? की सांग तुझ्या सासूला, तिनं मला एकदा जे विश्वासानं विचारलं होतं ते मी तुझ्या सासऱ्याला सांगितलं? सुनेनं ते शब्दाशब्दानं ओरडून सांगितलं असतं. समोरच्या बायकांनी हातातलं काम थांबवलंच होतं.

‘‘सांग, डॉक्टर आलेत. तब्येत पाहायला,’’ मी म्हणालो.

सुनेनं ओरडून सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पुन्हा निरखून पाहिलं आणि ओळख पटली असावी, कारण त्या हसल्या. मग त्या जाड, पुरुषी आवाजात, जो मी त्यांना दिला होता, म्हणाल्या, ‘‘सुई तं नाई आनली न, भाऊ?’’

समोरच्या बायका काही न कळता हसल्या. सूनही हसली. ती थट्टा होती की आणखी काही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी दुखरा गुडघा पुढे केला. मी तो दाबून पाहिला, उकिडवं बसू नका म्हणालो, सुनेनं ते ओरडून सांगितलं. चहा झाला. परतीच्या एस. टी.ला वेळ होता तरी मी उठलो.

पुन्हा जायचं ठरवत होतो तेवढ्यात उन्हाळ्यात त्या गेल्याचं कळलं. पुढे मुलानं शेत विकलं आणि ते कुटुंब दूर शहराकडे गेलं.

सुनेमार्फत जे पाठवता आलं नाही ते असं होतं. पंचफुलाबाई, तुम्ही मला विचारलंत आणि मी उत्तर तुमच्या नवऱ्याला दिलं, नका सांगू म्हटलेलं असताना दिलं, आणि ते खोटं दिलं. तुम्हाला जे वाटत होतं ते तुमचंच होतं. किसनरावांना तुम्हीच बोलावत होतात. हे मी त्या दिवशी ओसरीवर म्हणायला हवं होतं, आणि तुमच्या ओट्यावर तरी म्हणायला हवं होतं. मला माफ करा.